कोण गेलं जी?

सहा बावन्नला फोन वाजला. सहा बावन्न म्हणजे सहा बावन्न. 'सातच्या सुमारास' हा प्रकार मला जमत नाही. एकवीस वर्षं लोकांना वेळ सांगून सांगून डोक्यातच सेकंदकाटा बसला आहे, आणि त्याचा घरात काय जाच होतो ते माझ्या बायकोला, पूनमला विचारा. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात आमच्या चंद्रपूरच्या रेडिओ केंद्रावरून एक कार्यक्रम जातो. आधी भाषण, मग जरा संगीत, मग कविता, मग पुन्हा संगीत. 'हे ऐकतं कोण बे?' असं चंदन दर गुरुवारी विचारतो. चंदन म्हणजे काचेपलीकडे बसणारा आमचा इंजिनियर, पुढच्या वर्षी निवृत्त होणार, म्हणून आता कशालाच भीत नाही. त्या दिवशी मार्कंड्याच्या देवळातल्या शिल्पांवरचं भाषण संपलं होतं. प्राध्यापक महाशयांना तेरा मिनिटं सांगितली होती, त्यांनी सतरा घेतली, मी चार कापली आणि त्यात त्यांचा आवडता संस्कृत श्लोक गेला. आता महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत, न बोलोत. मग सारंगीवर मारवा लावला. फाल्गुनातली संध्याकाळ, खिडकीच्या कठड्यावर नेहमीसारखी कोळशाची काळी भुकटी, बोटानं पुसली तरी तासाभरात परत. आणि फोन वाजला.

'हॅलो, मी भागीरथा बोलतो जी, उमरबोडी, तालुका सावली.' आमचे जुने श्रोते आधी नावगाव सांगतात, फर्माइशीची पत्रं लिहायच्या दिवसांपासूनची सवय आहे ती. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत; आमच्याकडे बायाही 'बोलतो'च म्हणतात. मी म्हणालो, बोला बाई. तर म्हणाली, 'साहेब, कोण गेलं जी?' मला कळेना. 'म्हणजे?' 'हे वाजून राह्यलं ना. कोण मेलं?' मला हसूच आलं. इतक्या वर्षांनी हे विचारणारं कोणीतरी उरलं होतं तर! पण कामावर असताना मी हसत नाही. मी माझ्या रेडिओच्या आवाजात, नीट, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, 'कोणी गेलेलं नाही बाई. हा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम आहे. दर गुरुवारी असतो. हे सारंगीवादन आहे.' ती म्हणाली, 'कोणीच नाई?' मी म्हणालो, कोणीच नाही. ती म्हणाली, 'असं का. मले वाटलं... आमचा बुढा गेला ना जी आज. पोचू. सकारीच गेला. आत्ता सारे नदीवरून आले. त्यायचा रेडिओ लावाचा टाइम झाला तं माहा हात आपोआपच गेला, आन् लावला तं हे वाजून राह्यलं. तं मनलं, इचारून पाहू.' मी म्हणालो, 'अरेरे. फार वाईट झालं.' 'हव जी. बरं, ठेवतो.' आणि तिनं ठेवला.

चंदननं काचेतून हातानंच विचारलं, काय म्हणते? मी बटण दाबून म्हणालो, विचारत होती, कोण मेलं. चंदन हसला. मीही हसलो. आणि हसता हसता ते हसू मधेच अडकलं, घास अडकावा तसं, कारण बाईनं काय विचारलं होतं ते मला तेव्हा समजलं. तिनं कोण मोठा माणूस गेला हे विचारलंच नव्हतं. ती विचारत होती की हे माझ्या माणसासाठी वाजतंय का. सरळ विचारायची लाज वाटली असेल. एवढ्या मोठ्या रेडिओला आपला पोचू कुठून माहीत, हे तिलाही कळत असणार. पण तरी फोन केला. नंबर शोधला असेल, कोणाकडून तरी लावून घेतला असेल, दारात अजून माणसं बसलेली असतील. आणि मी तिला काय सांगितलं? सारंगीवादन आहे म्हणून सांगितलं. दर गुरुवारी असतं म्हणून सांगितलं. वा रे पठ्ठ्या! आणि हे मी, म्हणजे या प्रफुलनं सांगितलं, ज्यानं जन्मात एकदा अगदी हाच प्रश्न स्वतः विचारला होता.

मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. दिल्लीत कोणी फार मोठं गेलं होतं आणि देशभर दुखवटा होता. आताच्या पोरांना हे माहीत नाही. तेव्हा दुखवटा म्हटला की रेडिओवरची सगळी गाणी बंद. बातम्या, आणि बातम्यांच्या मधे नुसती सारंगी, नाहीतर व्हायोलिन, नाहीतर सनई, सकाळपासून रात्रीपर्यंत, सात सात, बारा बारा दिवस. आमच्या झाडीतल्या खेड्यांनी त्यातून एवढंच घेतलं की सारंगी वाजली म्हणजे कोणीतरी मेलं. एरवी कधी चुकून ते वाद्य लागलं तरी माणसं डोक्यावरची टोपी काढून विचारायची, कोण गेलं? रागदारी ही जितेपणी ऐकायची गोष्ट आहे हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. तर त्या दुखवट्याच्या दुसऱ्या दिवशी माझी माय मेली. शकुबाई. ताप येत होता आठ दिवस, सावलीला दवाखान्यात न्यायचं न्यायचं चाललं होतं, धान कापणीला आलेलं, बैलबंडी मिळेना. संध्याकाळी तिला नदीवर नेलं, मला नेलं नाही. मला ओट्यावर रेडिओजवळ बसवून ठेवलं. गावात दोन रेडिओ होते, त्यातला एक आमचा, आणि त्या रेडिओवर सारंगी चालू होती. हे दुःख कसं असतं ते मला काही समजत नव्हतं, पण ते वाद्य बरोबर माझ्या पोटात जे होत होतं तेच बोलत होतं. रात्री बाप परत आला, अंगावर ओला पंचा, माझ्याजवळ बसला. मी विचारलं, 'बा, हे मायसाठी वाजून राह्यलं का?'

बापानं माझ्याकडे पाहिलं. लटारू माझा बाप, धानाच्या दीड एकर बांधीचा धनी, तीन इयत्ता शिकलेला. तो एक क्षणही थांबला नाही. 'हव,' म्हणाला. मी म्हणालो, दिल्लीले समजलं? 'समजलं ना. सावलीच्या पोष्टातून तार धाडली.' आणि मग ते किती दिवस वाजणार, असं विचारलं तर म्हणाला, पाहू, तुझी माय भली बाई होती, लवकर नाई थांबाचे ते. आणि ते थांबलेच नाहीत! रोज संध्याकाळी गावातली माणसं बातम्या ऐकायला आमच्या ओट्यावर यायची, टोप्या मांडीवर ठेवून खाली मान घालून बसायची, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून बघायचो की सगळा देश माझ्या मायसाठी कसा गप्प बसला आहे. गावातलं कोणीही मला म्हणालं नाही की अरे वेड्या, असं नाही. सगळ्यांना माहीत होतं, लटारूनं पोराला काय सांगितलंय ते. सगळ्यांनी सांभाळलं. मी खरं सांगतो, आई मेली तरी मी त्या दिवसांत एकटा नव्हतो. पुढे मी अनेक जणांना एकटं पाहिलं, स्वतःलाही पाहिलं, तेव्हा त्याची किंमत कळली.

हे सगळं आठवायला सारंगीला आलाप पुरा करायला लागतो तेवढाच वेळ लागला. सात वाजले. मी वेळ सांगितली, आवाजात काही फरक पडला नाही. माझा आवाज माझं ऐकत नाही, तो नोकरीचं ऐकतो. मग दुर्गाबाईंची ओळख करून दिली. या धानोऱ्याकडच्या शाळेत शिकवतात, गोंडीत आणि मराठीत कविता लिहितात, एसटीनं पाच तास बसून आल्या होत्या. माझ्या समोर दीड हातावर बसून त्यांनी बारा मिनिटं कविता वाचल्या. त्यांतली एक ओळही मला आठवत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या वाचत होत्या आणि मी नागभीडच्या वसतिगृहात होतो. अकरा वर्षांचा. निबंध दिला होता, 'माझ्या आठवणीतला दिवस'. मी सगळं लिहिलं, तारेसकट. गुरुजींनी चांगला निबंध म्हणून वर्गात वाचून दाखवायला घेतला, आणि अर्ध्यात त्यांच्याच लक्षात आलं आणि ते थांबले, पण पोरांना समजून चुकलं होतं. हसले ना सगळे. 'ए, याची माय पंतप्रधान होती!' गुरुजींनी मला बाहेर नेऊन प्रेमानं समजावलं, आणि त्या प्रेमाचीच मला जास्त चीड आली. दिवाळीला घरी गेलो. ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर बापाला म्हणालो, 'तुम्ही मले खोटं सांगतलं. रेडिओ मायसाठी नव्हता वाजत.' बाप तंबाखू मळत होता. म्हणाला, 'तू लहान होता.' बस, एवढंच. मी म्हणालो, मी तुमच्यावर कधी विश्वास ठेवणार नाही. त्यानं तंबाखू तोंडात टाकली.

आणि मी तो शब्द पाळला हो, काय सांगू! खऱ्याचा असा काही नाद लागला मला की विचारू नका. वेळ बरोबर, तारीख बरोबर, नाव बरोबर. त्या नादातच रेडिओवर आलो. बाप गावात सांगायचा, 'आमचा प्रफुल वेळ सांगते, तवा घड्याळ मिळवून घ्या.' मी घरी गेलो की आम्ही धानाच्या रोवणीचं बोलायचो, बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, पाणी किती आहे ते बोलायचो. दोन वर्षांपूर्वी तो गेला. फोन आला तेव्हा मी याच खुर्चीत होतो, पाळी संपायला चाळीस मिनिटं होती, आणि मी ती पूर्ण केली. धानावरच्या खोडकिड्याची माहिती दिली. तीन सिनेमाची गाणी लावली, त्यांतलं एक तर लग्नाचं. कपाटात सारंगीच्या पाच टेपा होत्या. एक लावली असती तर कोणाचं काय जाणार होतं? पण कार्यक्रमपत्रिकेत नव्हती, म्हणून लावली नाही. लटारूसाठी कुठेही काही वाजलं नाही.

'भाऊ, बरं नाई काय?' दुर्गाबाई विचारत होत्या. कविता संपल्या होत्या, माइक बंद होता, सारंगीचा दुसरा भाग सुरू व्हायला मिनिट होतं आणि तोवर चंदननं केंद्राची धून टाकली होती. मी त्यांना फोनचं सांगितलं, दोन वाक्यांत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'आमच्या गावात माणूस गेला का ढोल वाजवतेत. दूर शेतात ऐकू येते. ऐकणारा हातातलं काम पहिले खाली ठेवते, मंग इचारते, कोणाचा होता.' मी म्हणालो, मी तर काम खाली ठेवलंच नाही, वर तिला माहितीही दिली. त्या म्हणाल्या, 'मंग आता ठेवा ना.' किती सोपं! बाई, तुम्ही सरकारी शाळेत आहात, तुमची नोकरी पक्की. मी महिन्याला सहा पाळ्यांचा हंगामी उद्घोषक, यादीतलं एक नाव. कोणाचा खासगी निरोप हवेत सोडायचा नाही हा पहिला नियम; तो मी नव्या पोरापोरींना स्वतः शिकवतो. एका नावावर काट मारायला किती वेळ लागतो? सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला मग कोण काय वाचायला देणार? पण कानात त्या बाईचं ते 'कोणीच नाई?' होतं. उमरबोडीत आत्ता अंधार पडला असेल, चूल पेटलेली नसेल, आणि त्या घरात एका साहेबानं सांगून ठेवलंय की कोणी गेलेलं नाही.

लाल दिवा लागला. मी म्हणालो, 'श्रोतेहो, सारंगीवर मारव्याचा पुढचा भाग ऐकू या. सावली तालुक्यातल्या उमरबोडी गावचे पोचूजी आज सकाळी वारले. ही सारंगी त्यांच्यासाठी आहे.' आणि टेप सोडली. सात वाजून तेरा मिनिटं आणि वीस सेकंद. चंदन काचेपलीकडे उभाच राहिला, मग दार उघडून आत आला. 'हे काय केलं बे तू?' मी म्हणालो, नोंदवहीत लिही. 'काय लिहू?' 'घडलं ते लिही.' त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो परत गेला, आणि मी पाहिलं, त्यानं वही उघडली नाही. दुर्गाबाई शेवटची गाडी गाठायला निघाल्या. मी एकटा बसलो आणि मला रडू आलं. आवाज न करता रडणं आम्हा स्टुडिओतल्या लोकांना छान जमतं. बरं वाटत होतं. बाईनं ऐकलं असेल, असं मनात पुनःपुन्हा घोळवत होतो. दारातल्या माणसांनीही ऐकलं असेल. कोणी म्हणालं असेल, अरे, आपल्या पोचूचं नाव! मला तर वाटायला लागलं की मी लटारूचा पोरगा शोभलो खरा, उशिरा का होईना.

सात सत्तावीसला फोन वाजला. मी पहिल्या घंटेला उचलला. पोरीचा आवाज होता. 'मी दिव्यानी बोलतो जी, उमरबोडी, तालुका सावली. भागीरथाबाईची नात.' मी म्हणालो, बोल बेटा, आजीनं ऐकलं का? ती म्हणाली, 'नाई ना जी. तुमच्यासंग बोलणं झालं आन् आजीनं रेडिओच बंद केला. शेजारच्या लहानूआबानं ऐकलं त्यायच्या घरी, ते पळत आले सांगाले, का तुह्या बुढ्याचं नाव घेतलं रेडिओवर. तं आजी मानतच नाई. मनते, मी सोता साहेबाले इचारलो, त्यायनं साफ सांगतलं, कोणीच नाई म्हणून. रेडिओवाला कायले खोटं सांगंन? लहानूच माह्यं मन राखून राह्यला, मनते. तुम्ही सांगा ना जी तिले एक डाव.' आणि मी होय-नाही म्हणायच्या आत तिनं फोन आजीच्या हातात दिला. मागे माणसांची कुजबुज होती, कोणी खोकत होतं. काचेत घड्याळ दिसत होतं. साडेसातला मला समाप्तीची घोषणा करायची होती.

'बोला जी,' ती म्हणाली. मी म्हणालो, 'बाई, लहानूभाऊ खरं सांगून राह्यले. ते तुमच्या माणसासाठीच वाजत होतं.' हे मी माझ्या घरच्या बोलीत म्हणालो, केंद्रात बसून पहिल्यांदा. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, त्यात राग नव्हता की गाऱ्हाणं नव्हतं, 'मंग पहिले काऊन नाई मनलं जी तुम्ही?'

बापाला त्या रात्री एक क्षण लागला नव्हता. ओल्या पंच्यानं तो बसला आणि 'हव' म्हणाला, आणि सगळं त्या न थांबण्यात होतं. जो थांबला, ज्यानं आधी माहिती दिली, त्याचं नंतरचं सगळं नुसतं समजूत घालणं होतं. मी म्हणालो, 'बाई, तवा मले मालूम नव्हतं.' हे खरंच होतं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता, हे मला बोलतानाच कळत होतं. आवाज फुटला माझा, एकवीस वर्षांत पहिल्यांदा. तिला तो ऐकू गेला असणार, कारण ती एकदम आईसारखी बोलायला लागली.

'असू द्या जी साहेब, असू द्या. मन राखता, बरं करता. देव भलं करंन तुमचं.' मग म्हणाली, 'जेवण झालं काय तुमचं?'

मी म्हणालो, 'नाही झालं बाई.'

'जेवून घ्या मंग येळेवर,' ती म्हणाली, आणि पलीकडे फोन ठेवला.